मुहूर्ताला जोडलेला दोर

६ ऑक्टोबर
जळकोटचा माळ. वारा पूर्वेचा, हलका. दाजी पलीकडे विंचवर, मी अक्काच्या पॅराग्लायडरच्या पंखाजवळ. विंचचं इंजिन दोर गुंडाळत ओढतं, अक्का वर जाते. वर गेल्यावर छातीवरची मूठ ओढते, कडी उघडते, दोर सुटतो. न सुटला तर... लिहीत नाही.
म्हणून आधी जमिनीवर. पट्टे, हेल्मेट, दोऱ्या, शेवटी कडी. मी दोर ताणून धरते, अक्का मूठ ओढते. सुटला की परत जोडायचा. हे मला अक्कानेच शिकवलं.
दाजी मला वॉकीटॉकीवर : "मॅडम, पोथी संपली का? वारा म्हातारा व्हायलाय."
बघायला जमलेले लोक हसले. अक्काही.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी
उड्डाण नाही, हत्यारांना सुट्टी. दाजींनी विंच धुतलं, हार घातला. अक्काने पंखाला, हेल्मेटला, पट्ट्यांना हळदकुंकू लावलं. पेढा खाऊन मी एसटीने धाराशिवला. कॉलेजचे पेपर.

१२ ऑक्टोबर, दसरा
पेन कागदात रुततंय. रागाने.
सकाळच्या एसटीने मी परत जळकोटला. तुळजापूरहून परतणाऱ्यांनी हायवेला गाड्या लावलेल्या. माळावर गर्दी. दाजींनी पहाटेच मुहूर्तावर दोर कडीला जोडून ठेवलेला. अक्काने पट्टे चढवले. मी म्हटलं, मूठ ओढ.
दाजी चालत आले. "मुहूर्ताचं जोडलेलं पहिल्या उड्डाणाआधी सोडायचं नसतंय."
अक्काने मुठीवरून हात काढला. मग मीच ओढली. उघडली नाही. पुन्हा. नाही.
कडीभोवती लाल-पिवळा नाडा. गाठीवर गाठ, वरून कुंकू थापलेलं.
"तिच्यासाठीच बांधलाय. देवीचा हाय. सुटायचा न्हाय."
"सुटायलाच पाहिजे, दाजी."
"न्हाय सुटला तर म्या इकडून तोडीन की."
म्हणजे अक्का अख्खा दोर लोंबकळत घेऊन उतरणार. माळाच्या कडेला विजेच्या तारा.
कमरेची दोर कापायची कात्री काढली, नाडा कापला. गर्दीतली एक म्हातारी, "अगं बया, देवीचा नाडा." दाजींनी विंच बंद केलं. सोनं न देताच गेले.

१३ ऑक्टोबर
अक्काचा फोन.
"चारचौघांत त्यांची इज्जत काढलीस."
"तू मेली असतीस."
"मेले का?"
तिने फोन ठेवला.
ती वर गेली की दाजींचा जीव खालीवर होतो, म्हणून त्या गाठी. हे मला कळतं. कळतं म्हणून राग जास्त. आणि अक्कावर त्याहून जास्त. तिला कडी ठाऊक आहे.

१८ ऑक्टोबर
रविवारी उड्डाणं. दाजींचा निरोप अक्काच्या तोंडून : मॅडमला तसदी नको. माझ्या जागी त्यांचा कोणी दोस्त.
"नवा नाडा बांधला?"
"बांधलाय."
"कडी उघडून बघशील?"
"ते हायेत की."

१९ ऑक्टोबर
पुन्हा अक्का. आवाज खाली, मागे कुकरची शिट्टी.
"तू येऊ नको. कात्री तेवढी पाठव. उद्या सकाळच्या एसटीत कंडक्टरजवळ दे."
"कशाला?"
"असू दे जवळ."
जमिनीवर नवऱ्याला एक शब्द बोलवत नाही, म्हणून ही बाई हवेत दोर कापणार. एका हाताने, दुसऱ्याने पंख सांभाळत.
कात्रीला धार लावली. गाडी सहाची. कंडक्टरजवळ द्यायची, की मीच गाडीत बसायचं?