खरवडलेला नाला

जळगाव,
दि. १६ ऑक्टोबर १९८८

आदरणीय अक्कास,
देवचंदचा सविनय जयभीम.

आम्ही सगळे बरे आहोत. रुक्मा तुझी आठवण काढते. गिरणेला पाणी टिकून आहे का? दवाखान्यातल्या नोकरीतून तुझी सुटका मार्चमध्येच ना?

घराच्या कामाचं तू तीन पत्रांत विचारलंस. मिस्त्री मिळत नाही, असं मी कळवलं होतं. त्याविषयी लिहायलाच बसलो आहे.

सध्या सकाळी मेहरूणकडे फिरायला जातो. तलावावरचं पुसट धुकं सरकत प्लॉटांवर येतं, हद्दीचे दगड त्यात बुडतात आणि बोरीची बाग अजून उभीच आहे असं वाटतं. हात पुढे केला तर काटा टोचेल. कुठेतरी बागेचे राखणदार गफूरभाई पाखरं हाकलत असतील. मग ऊन येतं आणि दगड तेवढे उरतात.

त्या बागेची कॉलनी करायचा नकाशा मीच काढला, हे तुला ठाऊक आहे. पाचोऱ्याकडून, धुळ्याकडून रोज माणसं शहरात येत होती. कुणी कामासाठी, कुणी पोरांच्या शाळेसाठी. एकेका खोलीत सात-आठ जण. मी चौकोन आखायचो आणि प्रत्येकात मला दिवा लागलेला दिसायचा. चौदा नंबरच्या चौकोनात तू ओट्यावर बसून तांदूळ निवडत होतीस. म्हणून तर तो प्लॉट तुला घ्यायला लावला.

अक्का, त्या बागेतून एक नाला जात होता. कॉलनीचे मालक रुपचंदशेठ म्हणाले, अकरा महिने कोरडा असतो, त्याच्यापायी नऊ प्लॉट कशाला घालवायचे? मी नकाशाच्या ट्रेसिंग कागदावरच्या त्याच्या दोन रेघा ब्लेडने खरवडून काढल्या. अर्धा तासही लागला नाही. मग त्यांनी मुरूम टाकून तो जमिनीवरूनही बुजवला.

पोळ्याच्या आठवड्यात भरदुपारी जोराचा पाऊस झाला. पाणी तलावाकडे निघालं, ते घरांमधून. बारा नंबरमध्ये गफूरभाई राहतात. बाग गेल्यावर त्यांनी तिथेच प्लॉट घेतला होता. त्यांची नवी भिंत त्यांच्याच अंगावर पडली. कमरेचं हाड मोडलं. आता ते चालतील असं डॉक्टर म्हणत नाहीत.

मी भेटायला गेलो. त्यांच्या पत्नी हसीनाबी घरातला गाळ काढत होत्या. नकाशा माझा, हे त्यांना माहीत होतं. भांडतील असं वाटलं होतं. त्यांनी पाट दिला, चहा दिला आणि अगदी हळू विचारलं, "भाऊ, इथे आमचा नाला होता. कुठे ठेवला तुम्ही?"

तिसऱ्या दिवशी नाला दाखवणारा जुना मोजणीचा नकाशा घेऊन नगरपालिकेत गेलो आणि जे केलं ते सहीनिशी लिहून दिलं. संध्याकाळी ऑफिसातून माझी आखणीची टी-स्क्वेअर पट्टी आणि पेनं घरी आली. नोकरी गेली. रुक्मा एवढंच म्हणाली, "आता नीट झोपा."

गेल्या सोमवारी साहेब लोक आले, खुणा रोवून गेले. नाला मोकळा होणार. नऊ प्लॉट रद्द झाले. गफूरभाईंचा त्यात आहे. चौदा नंबरही आहे.

तुझ्या तीस वर्षांच्या नोकरीचं घर मी असं घालवलं, आणि मिस्त्री मिळत नाही म्हणून तुला लिहीत राहिलो. भिंत तुझ्यावर पडली असती, एवढा एकच विचार करून स्वतःला समजावतो, पण ते पुरत नाही.

मार्चमध्ये आमच्याकडेच ये. पुढची खोली रिकामी केली आहे. रागावून आलीस तरी चालेल, बोलली नाहीस तरी चालेल.

सोबत नवा नकाशा पाठवतो. घरी बसून काढला, कुणी सांगितलं नव्हतं. निळ्या शाईतला नाला आहे. त्याच्या पात्रात तुझं घर होतं.

तुझा धाकटा,
तोंड दाखवायला लाजणारा,
देवचंद