पिंजऱ्यावरची नावं झाकून

कामठी, ५ ऑगस्ट २०२४

चि. मेघास,
सप्रेम जयभीम आणि आत्याचे आशीर्वाद.

फोन हातात घेतला की सरिता कान लावून बसते, म्हणून पत्र. तू लॅबमधून पाठवलेला व्हिडिओ तिनं मोहल्ल्यात सगळ्यांना दाखवला. लुळा पडलेला उंदीर मेघाच्या औषधानं चालून राहिला, मग मी हे इंजेक्शन काहून टोचू, असं मलाच विचारते. महिना झाला, घेतलेलं नाही. डॉक्टरांनाही जुमानत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये माझ्या मुलीची प्रतिकारशक्तीच तिच्या नसांवर उठली आहे, आणि तू तिला उंदीर दाखवतेस!

एक विचारते. कोणता उंदीर किती लुळा, याचे गुण कोण देतं? देताना कोणाला औषध मिळालं ते ठाऊक असतं का? कॉलेजात आम्ही पेपर तपासायचो ते नावं झाकून.

रागावले आहे, पण वेळेवर जेवत जा.
तुझी सिंधूआत्या

नागपूर, ८ ऑगस्ट

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

गुण मीच देते. शेपूट लोंबली तर एक, मागचे दोन्ही पाय गेले तर तीन. औषधाचं नाव पिंजऱ्यावरच असतं. सरिताच्या आशेनं मी तिनाचे दोन केले असतील का? सांगता येत नाही, हेच वाईट. लॅबच्या प्रमुख मॅडमना सांगितलं. त्या खूप ओरडल्या. आता सगळं नव्यानं करायचं. लॅबमधला श्रीधर पिंजऱ्यांवर नुसते आकडे चिकटवेल. रविवारी येते. सरिताला मीच सांगेन.

दार उघडशील ना?
तुझी मेघा

कामठी, १८ नोव्हेंबर

चि. मेघास,
जयभीम, आशीर्वाद.

आज रामदासपेठेत सरिताचा एमआरआय दाखवला. मेंदूत नवा डाग एकही नाही. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा विचारलं.

त्या रविवारी ती तुला दगाबाज म्हणाली. तू गेल्यावर फ्रिजमधून इंजेक्शन काढून स्वतःच मांडीत टोचलं. वर मलाच म्हणाली, पाहून काय राहिली वं आई, कापूस दे. तेव्हापासून एकही चुकवलेलं नाही.

नावं झाकल्यावर औषधाचा फायदा निम्माच उरला, असं लिहितेस. तो निम्मा खरा आहे ना? मग रडतेस कशाला? काम पुढे ने. व्हिडिओ मात्र पाठवू नकोस.

परतताना ऑटोतून उतरल्यावर सरितानं माझा हात सोडवला आणि एकटीच घराकडे निघाली. मी मुद्दाम मागे राहिले. चष्मा पुसायचा होता.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी सिंधूआत्या