मिसेस पेलिंगसाठी 'द'

४ फेब्रुवारी १९५७, सोमवार
वही सुरू. मिस्टर ओल्डरॉइड म्हणाले, रोज लिहीत जा, जीभ सुधारते. हाताने जीभ कशी सुधारते देव जाणे. पण शाळामास्तर होते, रिटायर झाले तरी खोड जात नाही.

कारण लेकीचं, डोरीनचं लग्न. मुलगा क्लाइव्ह पेलिंग. दक्षिणेकडच्या सरे परगण्याचा, बँकेत आहे. तीन मार्चला रविवारी त्याची विधवा आई आमच्याकडे जेवायला येणार. आमचं घर, आमची माणसं बघणार आणि मग ठरणार लग्न कुठे करायचं. आमच्या चॅपेलमध्ये की तिच्या तिकडच्या चर्चमध्ये.

ठरणार कसलं! चॅपेलमध्येच. बत्तीस वर्षं मी तिथल्या हॉलमध्ये दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नाची टेबलं लावली. हॅम कापलं. कप विसळले. नवरीकडच्या बायका नव्या हॅट घालून बसायच्या, मी एप्रन बांधून. डोरीन एकुलती. आता माझी पाळी.

अडचण एकच, आमचं बोलणं. इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरतात तो शब्द 'द', आणि इथे यॉर्कशरात तो कुणी म्हणतच नाही. घशात नुसता 'त्' अडकतो, की झालं काम. त् किटली ठेव त् चुलीवर. दक्षिणेकडच्यांना वाटतं गोठ्यातून आवाज येतोय.

निश्चय: तीन मार्चपर्यंत एकही 'द' गिळायचा नाही. आजपासून.
आज कपडे धुवायचा वार. उद्यापासून.

६ फेब्रुवारी
पहिली शिकवणी. मास्तरांच्या मिशीत अंडं. संपूर्ण तासभर.

म्हणाले, मिसेस क्रॅबट्री, 'द' कधी म्हणायचं? जी वस्तू बोलणाऱ्यालाही ठाऊक आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक, तिच्या आधी. कुठलीही एक किटली वेगळी, आणि 'द' किटली म्हणजे ती, तुमची-आमची ओळखीची.
मी म्हटलं, दोघांना ठाऊक आहे तर सांगायचं कशाला?
मास्तरांनी घाईने पुढचं पान उलटलं. आणि म्हणे शिकलेले.

८ फेब्रुवारी
उच्चार: जीभ दातांत धरायची आणि हवा सोडायची. म्हणजे पाहुण्यांसमोर जीभ बाहेर काढायची! शी. आम्हाला लहानपणी यासाठी थोबाडीत मिळायची.
आरशासमोर वीस वेळा केलं. आरसा पुसावा लागला.

११ फेब्रुवारी
आज मास्तरांनी 'द'चं कूळ काढलं. म्हणे हजार वर्षांपूर्वी हा एक शब्द नव्हताच, तो-ती-ते अशी वेगवेगळी रूपं होती. पुरुषाला वेगळं, बाईला वेगळं, वस्तूला वेगळं. वर ती बदलत राहायची. बोट दाखवायचे शब्द. मग लोकांनी घासून घासून सगळ्यांचा मिळून एक 'द' करून ठेवला.

म्हणजे बघा. एवढ्या शब्दांचा चुरा त्यांनी करायचा, ती सुधारणा. उरलेला तुकडा आम्ही गिळला, की आम्ही अडाणी. ढोंगी मेले.
पण प्रगती जोरात. मास्तर म्हणाले, तुमच्यासारखी विद्यार्थिनी मी पाहिली नाही.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
पॉली साइक्स येऊन बसली. हेअरपिनने दात कोरत. आम्ही दोघींनी कापडगिरणीत बावीस वर्षं समोरासमोरच्या मागांवर काढली, नाहीतर दारात उभी केली नसती.
मी म्हटलं, द पॉली, द चहा घेणार?
म्हणाली, अगं एथेल, दातांची नवी कवळी बसवलीस की काय? थुंकी उडते आहे बाई.
जळते. तिच्या पोरीने लग्न केलं तेही न सांगता.

तिला तीन मार्चला वाढायला बोलावलंय. नाइलाज. गिरणीच्या साचेखात्यात मागांच्या खडखडाटात आवाज कुणाला ऐकू येतो? आम्ही बायका ओठांनीच बोलायचो, आवाज न काढता, प्रत्येक शब्द तोंडभर करून. वीस हातांवरून चहाडी करावी आणि समोरच्या मुकादमाला पत्ता लागू नये. पॉलीला मी दारातून असंच सांगेन, ग्रेव्ही आण, मटण आण. पाहुण्यांना काय कळणार? सरेत कुठे आल्यात गिरण्या!

१८ फेब्रुवारी
घरात कायदा केला. जो 'द' गिळेल त्याला चहा नाही.
विल्फने सकाळी दोनदा गिळला. संध्याकाळपासून बोलणंच बंद केलंय. नवरा म्हणून घेतला आणि मेंढा निघाला.

२१ फेब्रुवारी
डोरीनने लंडनहून विल्फच्या क्लबात फोन केला, आमच्या घरी कुठला फोन. विल्फनेच घेतला. घरी येऊन माझ्यासमोर उभा राहिला, कानाकडे बोट दाखवलं, तोंडाकडे दाखवलं. मी म्हटलं, कान दुखतोय तर कांदा भाजून बांध, आणि बोलायचं असेल तर नीट 'द' लावून बोल. खांदे उडवले आणि त्याच्या पाळलेल्या कबुतरांकडे गेला.
पस्तिशीत बरा होता.

२८ फेब्रुवारी
मास्तरांनी शेवटची शिकवणी रद्द केली. घसा बसला म्हणे. शिकवायचं काही उरलंच नसेल.
ते म्हणतात माणसांच्या नावांना 'द' लागत नाही. मला पटत नाही. पाहुण्यांच्या बाबतीत कमी पडण्यापेक्षा जास्त झालेलं बरं.

३ मार्च, रविवार, सकाळी ६
पडदे धुतले. पायरी घासली. मटण भट्टीत जायला तयार. चॅपेलच्या हॉलची तारीखही मनात धरली, मेचा दुसरा शनिवार. साठ माणसं.
आज लग्न इथे आणते की नाही बघा.

३ मार्च, संध्याकाळी ७
जिंकले.

मिसेस पेलिंग काडीसारखी बाई. डोक्यावर हॅट, तिच्यावर पिसं. गप्प. मी मात्र सुरूच. द मिसेस पेलिंग, द खुर्ची. द क्लाइव्ह, द कोट इकडे. एकही गिळला नाही. आणि ती बाई! पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. डोळे हलवले तर स्वयंपाकघराच्या दाराकडे, तेवढेच. उत्तरेकडच्या माणसांकडून असे उच्चार ऐकायची सवय नसणार. माझे ओठ पाठ करत होती म्हणा ना.

जेवण आपल्या पद्धतीने. आधी भट्टीतलं फुगलेलं यॉर्कशर पुडिंग, नुसतं, कांद्याच्या ग्रेव्हीत. क्लाइव्हला वाटलं एवढंच जेवण. तिसरं मागून घेतलं आणि मटण आलं तेव्हा त्याचा चेहरा हिरवा. मला किळस आली. बँकेतल्या माणसाला दम धरता येऊ नये?

मधूनमधून पॉलीशी ओठांनी बोलले. ती स्वयंपाकघराच्या दारात, मी टेबलाच्या टोकाला. मी म्हटलं, हॅट बघ, कोंबडी मरून पडलीय डोक्यावर. पॉली म्हणाली, पोराला हनुवटी दिलीच नाही देवाने. मी म्हटलं, यांच्याकडे लग्न म्हणजे काकडीचं सँडविच आणि घरी जा. म्हटलं, लग्न इथेच होणार, म्हातारी माझ्या मुठीत आहे, पुडिंग संपायच्या आत हो म्हणेल.
आवाज शून्य. कुणाला पत्ता नाही. डोरीन मध्येच टेबलाखालून माझ्या पायावर लाथा मारत होती. उच्चारांनी थक्क झाली असेल.

मिसेस पेलिंगला अचानक ठसका लागला, रुमालात तोंड खुपसून हलत होती. मग हॅट काढून मांडीवर ठेवली. खोलीत गरम होतंच.
निघताना माझा हात धरून म्हणाली, क्लाइव्हची हनुवटी त्याच्या वडिलांवर गेली आहे.
कोणी विचारलं होतं?
पण हात चांगला दाबला. लग्न इथेच.

५ मार्च, मंगळवार
पॅनकेकचं पीठ भिजवत होते तर डोरीनचं पत्र. दोन ओळी. आई, मी बाबांना फोनवर सांगितलं होतं ना? मिसेस पेलिंग एकोणिसाव्या वर्षी तापात ठार बहिऱ्या झाल्या. त्या ओठ वाचतात.

पीठ तसंच राहिलं.

विल्फला विचारलं, सांगितलं का नाहीस. पंधरा दिवसांनी तोंड उघडलं. म्हणाला, द बाई बहिरी आहे हे द दिवशीच सांगायला आलो होतो.
पहिला 'द' बरोबर होता. मेल्याचा.

म्हणजे एकही 'द' तिच्या कानावर पडला नाही. महिनाभर जीभ दातांत धरून मी बसले. आणि जे आवाज न काढता बोलले ते सगळं, अक्षर न् अक्षर.
पॉलीला सांगितलं. भिंतीला टेकून हसली. निर्लज्ज बाई.

तरी काही बिघडलं नसेल. खानदानी बाई आहे. आणि मटण मऊ होतं.

१४ मार्च, गुरुवार
मिसेस पेलिंगचं पत्र सोमवारी आलं. अक्षर मोठं, वाचता आलं.

लिहिते, राग नाही. इतकं स्वच्छ बोलणारं माणूस कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं, आमच्याकडे सगळे ओठ मिटून बोलतात. हॅटबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, ती मी देऊन टाकली. पण लग्न आमच्याकडेच होऊ द्या. तुमच्या चॅपेलमध्ये सगळ्याजणी एकमेकींशी असं बोलत असतील, आणि मला सगळं वाचावं लागेल. मुलाच्या लग्नात मला इतकं कळायला नको आहे.

डोरीनला लगेच कार्ड टाकलं होतं, हॅम किती आणू, कप इथून आणू का, एप्रन दोन आणते.
आज दुपारच्या टपालाने उत्तर आलं. हॉटेलची माणसं सगळं करणार आहेत, टेबलंसुद्धा तेच लावतात. काही आणू नकोस.
आई, तू फक्त बस.