खोकल्यास आग्रहाचे निमंत्रण

कॉन्स्टँटिनोपल,
द्राक्षतोडणीचा हंगाम

तीर्थरूप मामांच्या चरणी अनिसियाचा आदरपूर्वक नमस्कार.

आपली प्रकृती कशी आहे? मंदिरात उपासना चालवताना उठणारा तो खोकला अजून छळतो का? सोबत डोंगरी मध पाठवीत आहे. इकडे सर्व कुशल आहे. फक्त माझे लग्न मोडण्याच्या बेतात आहे.

काल युलालियस आणि त्याचे आईवडील बोलणी पक्की करायला जेवायला आले. त्यांच्या मते देव पिता आधी, पुत्र ख्रिस्त नंतर, म्हणून पुत्राचा मान किंचित कमी. आपल्या मते दोघेही अनादी व समसमान. (मागच्या सम्राटाने शहरातली प्रार्थनामंदिरे त्यांच्या पक्षाला दिली होती, आताच्याने आपल्याला दिली, भिंती त्याच, रुसणारी माणसे बदलली.) म्हणून केवळ हवामानावर बोलावे, अशी आईने बाबांना ताकीद दिली होती. परंतु मसुराची आमटी आली आणि भावी सासरे ल्युकाडियस सहज म्हणाले, "आधी मला वाढा, मग मुलाला."

"माझ्या घरात बाप आधी आणि मुलगा नंतर? कदापि नाही!" असे गरजून बाबांनी दोन्ही हातांत दोन वाडगी घेतली व एकाच क्षणी दोघांपुढे ठेवू गेले. एक सासऱ्यांच्या मांडीवर सांडले, दुसरे युलालियसच्या. समानता मात्र तंतोतंत साधली.

"अहो, हा माझ्याआधी जन्मला का?" सासरे आमटी झटकत ओरडले.

"देवाचं घर म्हणजे तुमचं घर वाटलं का?" बाबा.

तेव्हा सासूबाई डोम्निना रिकामे ताट पुढे सरकवून म्हणाल्या, "बापलेकाचा निकाल लागेपर्यंत तिसऱ्याने उपाशी मरायचं काय?"

आईने घाईघाईने त्यांना वाढले. (पिता-पुत्रांनंतरच्या तिसऱ्याची, म्हणजे पवित्र आत्म्याची, आठवणही विद्वानांना अशीच उशिरा झाली, हे मी वाचले आहे, पण सांगण्याचे धैर्य झाले नाही.)

आता अडले आहे ते लग्नातल्या आशीर्वादाच्या स्तोत्रावर. आपले म्हणतात, "पित्याला, पुत्राला आणि आत्म्याला गौरव." त्यांचे म्हणतात, "पित्याला गौरव, पुत्राच्या द्वारे, आत्म्यामध्ये." चुकीचे शब्द कानी पडले तर नवरा उचलून घरी नेऊ, असे सासऱ्यांनी बजावले आहे, बाबा म्हणतात, नवरी आम्हीच आधी नेऊ.

आपली आज्ञाधारक भाची,
अनिसिया

ता. क. युलालियसला मी चोरून त्याचे मत विचारले. आमटी चविष्ट होती, म्हणाला. मला तोच नवरा हवा आहे.

पुन्हा ता. क. आपल्या गावात दोन्ही पक्ष आहेत, आणि नेमक्या त्याच ओळीला आपणास खोकल्याची उबळ येते. बाबा म्हणतात, मेहुणा आपल्याच पक्षाचा. सासऱ्यांनीही आपली उपासना ऐकली आहे. ते म्हणतात, हा तर उघड उघड आमचा माणूस. तेव्हा लग्न लावायला आपणच यावे.

शेवटचे ता. क. मध लग्नानंतरच चाखावा.