पंधरावं चिन्ह

३ डिसेंबर २०२४, पानशेत
पोचलो एकदाचा! उत्रोलीहून एसटी, पुढं टेम्पो, कंबर खिळखिळी. पण बंगला धरणाकाठी, आणि शेजारच्या मेंढपाळ भामाबाईनं आल्याआल्या चहा पाजला. काम सोपं. मेंढरांच्या नि माणसांच्या नोंदी शोधायचं एक सॉफ्टवेअर आहे. ते बनवणाऱ्या पुण्याच्या शेफालीबाईंच्या हाताखालच्या पोरांना साधं बरोबरचं चिन्ह पुरेना, म्हणून तुलनेची पंधरा चिन्हं त्यांनी स्वतःच बनवली. दोन बाजूंना दोन नोंदी ठेवायच्या, उत्तर येतं खरं किंवा खोटं. कुठलं चिन्ह काय करतं ते लिहून ठेवायला मात्र शहाण्यांचे हात दुखले. ते आता लिहिणार हा सावळाराम, साठीनंतर एकट्यानं संगणक शिकलेला!

४ डिसेंबर
माझ्याआधी हे काम कुंडलिकराव करत. दिवाळीत ताप आला नि याच खुर्चीत गेले म्हणे. वाईट झालं. पण चौदा चिन्हांची पुस्तिकेतली काय ती चौदा पानं! एकही उदाहरण चालवून पाहिलेलं नाही. मी चालवल्याशिवाय ओळ लिहीत नाही. पंधराव्या चिन्हाला तर आळशानं हातच लावलेला नाही. एकीखाली एक अशा दोन लाटा, नाव ‘तोच’.
गारठा फार. कुंडलिकरावांची घोंगडी खुर्चीवर होती, तीच पांघरली.

५ डिसेंबर
दोन्ही नोंदी एकाच जिवाच्या असल्या तर ‘तोच’चं उत्तर खरं. पण एक मेलेलं कोकरू नि एक जितं कोकरू ठेवलं, तरी खरं! फोनवर शेफालीबाई म्हणाल्या, काका, बरोबरच असेल, नियम तिथल्या मेंढपाळांना विचारूनच घातलेत. भामाबाईला विचारलं. म्हणाली, व्हय की, मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्याला बांधायचं, मेंढी हुंगती नि पाजती, तिच्या लेखी त्योच. आणि हे या दिवट्यांनी नियमात घातलं!
चेष्टा म्हणून एका बाजूला कुंडलिकराव ठेवले, दुसऱ्या बाजूला मी. खरं.
भिकार चिन्ह. पुस्तिकेत तसंच लिहिणार.

७ डिसेंबर
भामाबाईनं दोनदा कुंडलिकराव म्हणून हाक मारली. दिसत नसेल म्हातारीला. मग शेफालीबाईंचा निरोप — कुंडलिककाका, पंधरावं पान कधी? बेअक्कल. त्या आळशाशी माझी बरोबरी?
अंग कसकसतंय. घोंगडी काढवत नाही.

८ डिसेंबर
घरी फोन केला. बायकोला, बनाबाईला. चाळीस वर्षांचा संसार. आवाज ऐकून म्हणाली, कुंडलिकराव व्हय? आमच्या ह्यांना द्या जरा फोन —
मीच आहे म्हटलं. हसली. लई चेष्टेखोर हाय तुमी, म्हणाली. हिला ते नाव कुणी सांगितलं?

९ डिसेंबर, सकाळ
एका बाजूला सावळाराम. दुसऱ्या बाजूला सावळाराम.
खोटं.
परत चालवलं — खोटं.
घोंगडी मेंढवाड्यात फेकून आलो. मेंढरं तिला हुंगत —

दुपार
ताप. खुर्चीतच —
भामाबाई दारात. घोंगडी झटकून आणलीय. म्हणती, कुंडलिकराव, तापात उघडं कशापायी बसायचं. माझ्या अंगावर घालतीय —
सांगतो तिला. बाई, नीट बघ, मी तो न्हाई, माझं नाव