देवी बोलते, मोठेबाबा अर्थ सांगतात

१८ सप्टेंबर, गुरुवार

मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं, आज सांगूनच टाकलं. ओसरीवर, चहा पिता पिता. जणू विहिरीवरची मोटर दुरुस्तीला टाकायची आहे!

"औंदा अष्टमीले आचल मायच्या बाजूले बसन. तिच्या मायचं बीपी पाहता पुढच्या सालापासून तिच्यानं होनार नाई. देवी घरातच राह्यली पाह्यजे."

बाबा वांग्याच्या क्रेटकडे बघत राहिले. म्हणाले, "दादा म्हनते तसं." आयुष्यभर हेच म्हणत आलेत, आज तरी दुसरं काही सुचेल असं मला का वाटलं कोण जाणे.

गावाच्या टोकाला, कडुनिंबाखाली मातामायचं ठाणं आहे. नवरात्रात अष्टमीला देवी आईच्या अंगात येते. आधी आजीच्या यायची, मग आईच्या — माझ्या जन्माच्याही आधीपासून. आई घुमते, पुटपुटते, हातवारे करते. त्यातलं कोणाला काही कळत नाही. शेजारी मोठेबाबा उभे असतात, ते लोकांना अर्थ सांगतात. आणि नियम असा की जिच्या अंगात देवी येते तिनं गाव सोडायचं नाही. आई एक रात्रसुद्धा हिंगणीबाहेर राहिलेली नाही. तिची आई गेली तेव्हाही दिवस मावळायच्या आत परत आली.

आणि मी? एम.ए. इतिहास, दुसरं वर्ष. रोज एस.टी.नं वर्धा. पुढं नागपूरला पीएच.डी. करायची, ज्योत्स्ना मॅडमशी बोलणंही झालंय. सेमिनार सत्तावीसला. विषय — प्राचीन संस्कृतींतील स्त्री आणि धर्म. हा मीच निवडला होता, मॅडमच्या मागे लागून! घ्या आता.

१९ सप्टेंबर

संध्याकाळी ठाण्यावर कोणीतरी डफडं तापवून वाजवून बघत होतं. माझे हात गार पडले. बोटं थरथरायला लागली. मी चक्क हातावर बसले!

ही भीतीच असणार. भीतीच.

२१ सप्टेंबर, रविवार

आई सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. मी शेजारी बसून टिपणं मोठ्यानं वाचत होते, पाठ व्हावीत म्हणून. वाटलं तिचं लक्ष नाही.

ऊर शहरात राजाची मुलगी चंद्रदेवाची मुख्य पुजारीण व्हायची. इजिप्तमध्ये अमून देवाची 'देवपत्नी' असायची. तिची स्वतःची जमीन, स्वतःचे कारभारी. पण लग्न नाही, मूल नाही, म्हणून पुढची देवपत्नी दत्तक घ्यायची. रोममध्ये सहा ते दहा वर्षांच्या मुली निवडायचे. अग्नी राखायचा, व्रत पाळायचं. मोडलं तर जिवंत पुरायचे.

"अन् नाई मोडलं तं?" आईनं विचारलं.

"तीस वर्षांनी सुटका. वाटलं तर लग्नही करता यायचं."

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. "सुटका होये? मंग बरं होतं त्याइचं."

इतकंच म्हणाली आणि पुन्हा बांधायला लागली. मला पुढचं वाचवेना.

२२ सप्टेंबर

घट बसले. मोठेबाबा मला 'आचल' न म्हणता 'माय' म्हणाले. ठाण्यावर देवीला म्हणतात तसं.

२४ सप्टेंबर, बुधवार

ग्रीसच्या डेल्फीवर अडकले आहे. तिथली पुजारीण तिवईवर बसून देवाचं बोलायची. गावातलीच साधी बाई. राजे लढाईआधी तिला विचारायला यायचे. बहुतेक जण सांगतात की ती असंबद्ध बोलायची आणि पुरुष पुजारी त्याचा अर्थ लावून द्यायचे. पण काही अभ्यासक म्हणतात, असं काही नव्हतं, ती चांगलं स्पष्टच बोलायची.

वाचता वाचता एकदम आमची कमान आठवली.

मी बारावीत होते. अष्टमीला आईनं घुमता घुमता माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं रस्त्याकडे बोट केलं. पुन्हा पुन्हा, रस्त्याकडे. मोठेबाबा म्हणाले, "देवीले रस्त्यावर कमान पाह्यजे!" झाली कमान. सिमेंटची, गुलाबी. वर मोठ्या अक्षरांत 'सौजन्य : बबनराव', म्हणजे मोठेबाबाच. त्याच कमानीखालून मी रोज बस पकडते. तेव्हा हसले होते, आज हसू येत नाही. आईला कमान हवी होती? की मी त्या रस्त्यानं जावं, हे हवं होतं?

पण मग ती देवी नव्हती, आई होती. आणि असं म्हणायची आपली हिंमत नाही.

२५ सप्टेंबर

हात पुन्हा थरथरले. डफडं नव्हतं, मिक्सर होता. मी वेडी होणार आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

सेमिनार झाला. पहिली पाच मिनिटं कागद असा हलत होता की पुढच्या बाकावरची मयुरी डोळे मोठे करून बघायला लागली. मग सुरात आले. सिंधू संस्कृतीच्या मातीच्या बायकांबद्दल सांगितलं. त्या देवी होत्या की खेळणी हेही आपल्याला नक्की माहीत नाही, आणि माहीत नाही असं म्हणायला लाजू नये. मॅडमनी मान डोलावली.

मग मागून एकानं विचारलं, "त्या बायकांच्या अंगात खरंच यायचं का?" सगळे हसले. माझी कानशिलं तापली. म्हणाले, "मला तो प्रश्न दुसरा वाटतो. पहिला हा, की तिच्या बोलण्याचा अर्थ कोण सांगत होतं?"

चक्क टाळ्या पडल्या! मॅडम म्हणाल्या, हेच पुढं घेऊन नागपूरला जा.

परतीच्या बसमध्ये मात्र रडू आलं. फळ्यापुढे वाघ आणि घरात शेळी. मंगळवारी मी ठाण्यावर बसणार आहे आणि मोठेबाबांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटलेला नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

हिरवं लुगडं आलं. माझ्यासाठी.

आईला म्हटलं, मी पळून जाते, मयुरीकडे वर्ध्याला. ती माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं होतं. खात्रीच होती. तिनं माझे केस विंचरायला घेतले आणि मागूनच म्हणाली, "बसून घे वं पोरी. म्या लय वर्षं पाह्यलं. कोनी आयकत नाई. आता माह्यात जोर नाई राह्यला."

तिचा चेहरा मला दिसत नव्हता, ते बरंच झालं. मला तिचा राग आला. पहिल्यांदा एवढा आला.

३० सप्टेंबर, अष्टमी

नीट लिहिते. जसं झालं तसंच.

दुपारची वेळ. सगळं गाव कडुनिंबाखाली. मी हिरव्या लुगड्यात, आईच्या डाव्या हाताला. डफडं सुरू झालं. माझे हात थरथरत होते आणि बायका एकमेकींना कोपरानं ढोसून दाखवत होत्या. आईनं माझी ओटी भरायला नारळ उचलला, पुढं केला, आणि थांबली.

थांबलीच. दरवर्षी घुमते, केस मोकळे सुटतात. आज काही नाही. ताठ बसली. डफडंवाला गोंधळून थांबला.

मोठेबाबा पुढं सरसावले, "माय म्हनते का —"

"बबन, बाजूले सरक."

आई बोलली! आई, जी जेठापुढे कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्यांचं नाव घेणं तर सोडाच! आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या माणसाला ऐकू गेला.

"मी बोलून राह्यली नं? मंग तू काऊन सांगतं? या पोरीच्या आंगात मी येनार नाई. हिले जिकडं जाचं तिकडं जाऊ द्या. आता कोनाच्याच आंगात येनार नाई. ज्याले मांगाचं त्यानं इथं येऊन सोता मांगजो. मले आयकू येते."

नारळ खाली ठेवला. पाणी मागितलं. प्यायली.

मोठेबाबांचं तोंड उघडं होतं, पण सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळ्यांत आधी बाबा पाया पडले. मग सगळेच. मोठेबाबाही.

मी रडत होते आणि मनात म्हणत होते, वा गं माझी आई! काय नाटक केलंस!

२ ऑक्टोबर, दसरा

आज तिला गाठलं. म्हटलं, आई, खरं सांग. परवा तूच होतीस ना?

आई आपट्याची पानं निवडत होती. "दरसाल मीच राहो," म्हणाली. "एरवी मले कोन इचारते? थे कमान, थे बोट — सारं मीच. परवा तं म्या हार मानली होती. तुही ओटी भराले नारळ उचलला, तेवढं याद हाये."

मग पानं बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं. घाबरली होती.

"त्याच्या पुढचं मले काहीच ठाव नाई. काय बोलली वं थे?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द. अर्थ मात्र सांगितला नाही.