त्यांच्या भिंतीत तुमच्या नावाची वीट

बाबा,

गेल्या महिन्यात मी इंग्लंडला धाकट्याकडे जाऊन आले. तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच तिकडे गेले. दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर तुमची नात म्हणाली, "आत्या, चल, तुला आजोबांची ब्रिक दाखवते." मला वाटलं, यांनी घराचं काही काम काढलंय. तिने मला गाडीत बसवलं आणि थेट आपल्या हाडवैरी संघाच्या त्या मैदानावर नेलं, ज्याचं नाव घ्यायची वेळ आली की तुम्ही 'ते आठ मैलांवरचे' एवढंच म्हणायचात. फाटकाला लागून एक लांबलचक भिंत आहे. क्लबच्या जुन्या, आता हयात नसलेल्या चाहत्यांची नावं कोरलेल्या विटा तिच्यात बसवल्या आहेत. खालून चौथ्या रांगेत तुमचं नाव, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट पूर्ण. त्याखाली इंग्रजीत कोरलंय, 'आजोबा. कायम लाल-काळे.' मी दोनदा वाचलं. तुमच्या नातीने विटेवरची धूळ बाहीने पुसली आणि माझ्याकडे बघून हसली. मी म्हटलं, छान आहे हं. दुसरं काय म्हणणार होते? आपण निळे-पांढरे, बाबा. मी शाळेत जायच्या आधीपासून आपण निळे-पांढरे आहोत.

आपण निळे-पांढरे कसे झालो ही गोष्ट मी तुमच्याकडून इतक्या वेळा ऐकली आहे की ती मला माझीच आठवण वाटते. तुम्ही इचलकरंजीहून यंत्रमागांचं काम शिकायला उत्तर इंग्लंडातल्या त्या गिरणीच्या गावात जाता. पहिलाच रविवार आहे. घरमालकीण जेवणानंतर भाडेकरूंना बाहेर काढून दाराला कुलूप लावते, संध्याकाळी सहापर्यंत यायचं नाही असा तिचा नियम. थंडी मरणाची, दुकानं बंद. रस्त्यावरून माणसांचा लोंढा एकाच दिशेने चाललेला दिसतो. कुणाची तरी अंत्ययात्रा असावी असं समजून तुम्ही मान खाली घालून त्यांच्यात सामील होता आणि पोहोचता रग्बीच्या मैदानावर, तेही तेरा-तेरा जणांच्या रग्बीच्या, जे इंग्लंडात त्या चार-दोन परगण्यांबाहेर फारसं कुणी खेळत नाही. शेजारचा म्हातारा तुम्हाला कुडकुडताना बघतो आणि आपल्या थर्मासमधलं काहीतरी गरम, तपकिरी, खारट पेलाभर ओतून देतो. कटाच्या आमटीसारखं लागलं, असं तुम्ही सांगायचात. दोन पेले प्यायलात. ते गोमांसाच्या अर्काचं पाणी होतं हे तुम्हाला आठवड्याने गिरणीत कळलं. कांदा-लसूणही न चालणाऱ्या घरातले तुम्ही. "धर्म बुडाला तो बुडाला," तुम्ही म्हणायचात, "खाल्ल्या मिठाला तरी जागू." त्या म्हाताऱ्याचा संघ तो तुमचा संघ, आणि तुमचा तो आमचा. आई पदर तोंडाला लावून हसायची आणि तुम्ही मात्र गंभीर. माणसाने घर बदलावं, देश बदलावा, संघ बदलायचा नाही.

पुढे तुम्ही जर्मनीत मोटारींच्या कारखान्यात लागलात, आणि तिथे वोल्फ्सबुर्गमध्ये हे सांभाळणं काही सोपं नव्हतं. तिथे मुलाचा संघ जन्माच्या दाखल्याबरोबरच येतो, आणि तो फुटबॉलचा असतो. माझ्या वर्गात कुणाला आजोबांमुळे, कुणाला गल्लीतल्या मोठ्या पोरांमुळे, कुणाला गोलकीपर देखणा म्हणून, पण प्रत्येकाला एक संघ होता आणि दुसऱ्या दिवशी त्यावर भांडायला चार जण होते. माझा संघ मी फळ्यावर काढून दाखवला तर बाई म्हणाल्या, "आख झो, असं होय, ते अमेरिकन लोकांचं, हेल्मेटवालं?" मी भांडायची कुणाशी? तुमच्याशीच बोलायची. रविवारी दुपारी स्वयंपाकघरात तुम्ही रेडिओवर ब्रिटिश सैनिकांसाठी चालणारं स्टेशन लावता, खरखर ऐकत निकालाची वाट बघता, आणि ओट्यावर एका बाजूला तेरा शेंगदाणे, दुसऱ्या बाजूला तेरा चणे मांडता. शेंगदाणे आपण. सहा वेळा पाडलं की चेंडू द्यायचा, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. धाकटा तेव्हा शेंगदाणे खाऊन टाकायचा. त्याला कधीच त्यात रस नव्हता, आणि मला त्याचं बरं वाटायचं. घरातली बाकी प्रत्येक वस्तू दोघांत वाटून घ्यावी लागे. हे एक माझं एकटीचं होतं.

आता त्या मफलरबद्दल. तुम्ही विसरला असाल असं मला इतकी वर्षं वाटत होतं. मी तेरा वर्षांची. दोन शाळांतल्या मुलांची अदलाबदल, आम्ही दोन आठवडे इंग्लंडात, आणि नशीब असं की मला ज्या घरी ठेवलं ते नेमकं आठ मैलांवरच्या गावात. त्या घरातली मुलगी माझ्या वयाची. मला वोल्फ्सबुर्गमध्ये कुणी घट्ट मैत्रीण नव्हती, तुम्हाला माहीत होतं. तिच्याशी मी तासन्‌तास बोलले. तीही त्याच खेळाची वेडी, फक्त चुकीच्या बाजूची. माझ्या आयुष्यातली पहिली मुलगी, जिच्याशी मला या विषयावर भांडता आलं! निघताना बसच्या दारात तिने स्वतःच्या गळ्यातला लाल-काळा मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. मी तो घालूनच घरी आले. तुम्ही ओरडला नाहीत. हात पुसलेत, खुर्ची ओढलीत आणि म्हणालात, "हे आपल्या घरात राहणार नाही." मी म्हटलं, घालणार नाही, नुसता कपाटात ठेवते. "कपाट कुणाच्या घरात आहे?" मग तुम्ही तपकिरी कागद आणलात, दोरा आणलात, आणि पत्र मला सांगितलंत. 'तुझी भेट सुंदर आहे, पण आम्ही ती ठेवू शकत नाही.' मी इंग्रजीत लिहिलं, शेवटचं अक्षर रडून फिसकटलं तर तुम्ही नवा कागद दिलात. पोस्टात माझ्याबरोबर आलात. तिचं उत्तर आलं नाही. मी पुढे तीन पत्रं पाठवली, त्यांचंही नाही. मला तुमचा राग आला नाही, बाबा. आता तो येतोय. तेव्हा मला वाटलं, मोठ्या गोष्टी अशाच असतात, त्यांच्यासाठी काहीतरी सोडावं लागतं.

आणि तुमच्या निवृत्तीचा दिवस. कारखान्यात तुमच्या विभागाने केक आणला होता, मी दूर ब्योब्लिंगेनहून मुद्दाम आले होते. तुमच्या माइस्टरने, म्हणजे मुकादमाने, गावच्या फुटबॉल संघाचा मफलर तुमच्या गळ्यात घातला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही तो काढलात, नीट घडी करून टेबलावर ठेवलात आणि तुमच्या त्या करकरीत जर्मनमध्ये म्हणालात, "मनापासून आभार, पण माझा एक आहे." माइस्टरच हसत म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, असाच माणूस पाहिजे." माझे डोळे भरून आले होते. गाडीत मी नवऱ्याला म्हटलं, बघितलंस, याला म्हणतात निष्ठा. तो जर्मन माणूस, त्याने फक्त वळायचा ब्लिंकर दिला.

भिंतीपाशी उभी असताना हे सगळं मला आठवत होतं. घरी आल्यावर मी धाकट्याला स्वयंपाकघरात गाठलं. तो भांडी लावत होता. मी विचारलं, ही वीट कुणाची कल्पना? तो आधी म्हणाला पोरीची. मग ताट हातात धरून म्हणाला, "ताई, तुला वाटतंय तसं नाही. मी बाबांना नेलं नव्हतं." मग हळूहळू बाहेर आलं. पोर सहा वर्षांची असताना त्या क्लबच्या लहान मुलांच्या संघात खेळायला लागली, तुम्ही तेव्हा त्यांच्याकडे होतात. पहिल्या सामन्याला तुम्ही हाताची घडी घालून कडेला उभे. मध्यंतरात ती चिखलाने माखलेली धावत आली, आपली लाल-काळी टोपी तुमच्या डोक्यावर चढवली आणि परत पळाली. तुम्ही ती काढली नाहीत. "झालं," धाकटा म्हणाला, "पुढच्या खेपेला स्वतःच विचारलं, मोठ्यांचा सामना कधी आहे." त्यानंतर शेवटपर्यंत, दहा वर्षं, वर्षातून दोनदा तुम्ही जायचात, सामने बघून तारखा ठरवायचात. मला सांगायचात, नातीला भेटायला जातोय, जमलं तर आपल्या मैदानावरही चक्कर मारीन. आपल्या मैदानावर तुम्ही एकदाही गेला नाहीत. आठ मैल होतं ते. "तुला सांगायचं नाही असं त्यांनीच बजावलं होतं," तो म्हणाला. मी विचारलं, घरात सगळ्यांना माहीत होतं? तो पुन्हा भांडी लावायला लागला.

इथवरही मी गिळलं असतं. नातीच्या टोपीपुढे कोण टिकणार? पण रविवारचे फोन, बाबा! तिकडे असलात तरी रविवारी संध्याकाळी तुमचा फोन यायचाच, आणि आपण आपल्या सामन्याची चिरफाड करायचो. मागे गाणी, आरडाओरडा ऐकू आला की तुम्ही म्हणायचात, टीव्ही लावलाय यांनी. एका वर्षी त्यांनी आपल्याला धुऊन काढलं. तुमचा आवाज पार बसला होता. "हरलो गं आपण," एवढंच तुमच्या घशातून निघालं. मला वाटलं तुम्ही रडला आहात. मी अर्धा तास तुमची समजूत घातली, पुढचं वर्ष आपलंच म्हटलं, आल्याचा काढा घ्या म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवून स्वतः रडले. मी धाकट्याला तो दिवस आठवतो का विचारलं. त्याला आठवत होता. तो म्हणाला, "त्या दिवशी बाबा इतके ओरडले की पुढच्या रांगेतले लोक वळून बघत होते." त्यांच्या बाजूने ओरडला होतात. आपल्याविरुद्ध. आणि माझ्याकडून काढ्याची कृती लिहून घेतलीत. याला केसाने गळा कापणं म्हणतात, आणि मला दुसरा शब्द शोधायचाही नाही. दुसऱ्याला तपकिरी कागद आणि दोरा, स्वतःला टोपी.

परत आल्यावर मी आईला फोन केला. ती ऐंशीच्या पुढे आहे, तिच्यावर आवाज चढवायचा नाही असं ठरवून केला आणि तरीही चढवला. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "अगं, त्यांना धीर झाला नाही. दोनदा फोन हातात घेऊन ठेवून दिला त्यांनी. म्हणायचे, त्या पोरीला मी मैत्रीण तोडायला लावली, आता कुठल्या तोंडाने सांगू?" मग थोडं थांबून म्हणाली, "आणि तू तरी काय कमी कडक आहेस? त्यांच्यावरच गेलीयेस." मला वाटतं आईने हे सांगितलं ते मला बरं वाटावं म्हणून. उलट झालं. म्हणजे तुम्ही विसरला नव्हतात. मी काय किंमत मोजली ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनच तुम्ही मला दर रविवारी आपल्या संघाच्या रिकाम्या बाकावर एकटीला बसवून ठेवलंत. माफी मागितली असतीत तर मी भांडले असते, दोन महिने बोलले नसते. बोलले नसते, पण मग बोलले असते ना? तुम्ही माझ्या रागाला घाबरलात आणि मला दहा वर्षं खोट्यात ठेवलंत. तुमच्या त्या दहा वर्षांत माझी आत्ताआत्तापर्यंतची सगळी वर्षं मिळवा, कारण मी अजून रविवारी निकाल बघते.

हे पत्र दोन दिवस टेबलावर पडून आहे. नवऱ्याने विचारलं, आल्झो, मग हे कुणाला पाठवणार? उद्या आमच्या गल्लीत रद्दी न्यायला गाडी येते, निळा डबा बाहेर ठेवायचा आहे, त्यात जाईल. नाहीतरी त्या विटेवर पत्ता लिहिलेला नाही. पण एक गोष्ट धाकट्यालाही बोलले नाही, आईलाही नाही, ती इथे लिहून टाकते. मी त्यांना सांगितलं की तुम्ही संघ बदललात म्हणून मला लागलं. ते खरं नाही. त्या दहा वर्षांत एखाद्या रविवारी तुम्ही नुसतं म्हणाला असतात, "ये गं, इथे माझ्या शेजारी उभी राहा," तर मी दुसऱ्या दिवशीचं विमान पकडलं असतं, आणि बाबा, मी त्याच दिवशी बाजू बदलली असती.